सोलापूर ते मोपा, मामांच्या हिशोबानं

सावंतवाडीला बारसं होतं, म्हटलं यावेळी मामांना विमानानंच न्यायचं. मामा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर, त्यामुळं तिकीट केवढ्याला हे नंतर, आधी "किलोमीटर किती पडतंय?" नेटवर बघितलं तर सोलापूर ते गोव्याचं मोपा विमानतळ साधारण 300 किलोमीटर. मामा लगेच, "काय सांगतो, विजापूर बेळगाव चोर्ला घाट धरून सव्वाचारशेच्या वरच जातंय की!" बरोबरच आहे त्यांचं, नेटवरचं अंतर म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मारलेली रेघ, त्यात ना घाट ना वळणं.

होटगी रोडवरचं आपलं विमानतळ काय नवीन नाही, पण मध्ये कितीतरी वर्षं विमान म्हणून नव्हतंच. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, त्याआधी आणि नंतर त्यावरनं जे झालं ते सोलापूरकराला सांगायला नको. मग 9 जून 2025 पासनं फ्लाय91 चं गोवा सुरू झालं, ऑक्टोबरमध्ये स्टार एअरचं मुंबई न बंगळूर.

विमान एटीआर, पंखेवालं, सत्तरेक सीटचं. चढायचं मागच्या दारानं, सामान पुढच्या बाजूला. पंख वरती असल्यामुळं खाली बघायला आडवं काही येत नाही, आणि मधल्या खिडकीत बसलात तर चाक अगदी डोळ्यासमोर. जमीन सुटली तरी ते गरगर फिरत होतं आणि तसंच आत ओढलं गेलं, मामा खिडकीला नाक लावून. "टायर बरं दिसतंय," एवढंच बोलले.

आता वेळेचं. याचा स्पीड ताशी 500 च्या आसपास, म्हणजे 300 ला 36 मिनिटं व्हायला पाहिजेत ना? पण टाईमटेबलात तासाच्या वर धरलेलं असतं, कारण दार बंद झाल्यापासनं घड्याळ चालू, धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढताना आणि उतरताना स्पीड कमी, शिवाय मोप्याला कुठल्या बाजूनं उतरायचं ते वाऱ्यावर, त्यासाठी वळसा पडतो. मामांना हे लगेच पटलं, "स्टँडातनं गाडी काढायलाच वेळ जातो, रस्त्यावर काय नाही."

सरळ रेघेत बघितलं तर खाली जत, अथणी, गडहिंग्लज, चंदगड. जतकडं तपकिरी रान, मग कृष्णा आली की सगळा ऊसच ऊस, आणि चंदगडच्या पुढं एकदम दाट झाडी आणि ढग, तिथं विमान जरा हललं. मामांनी पुढची सीट धरली, बोलले मात्र काही नाहीत.

मोपा गोव्याच्या पार उत्तर टोकाला आहे, पणजीपेक्षा सावंतवाडी जवळ पडते, त्यामुळं आपल्या सिंधुदुर्गातल्या पाहुण्यांकडं जाणाऱ्यांना हे फारच सोयीचं. दारातनं दारात धरलं तर चार-साडेचार तास लागले, विमानतळावर लवकर जाऊन बसणं त्यातच. गाडीनं नऊ-दहा तास कुठं गेले नसते. फक्त विमान कुठल्या वारी आहे ते आधी बघा आणि मगच बारशाला हो म्हणा. परतीला मामा म्हणतायत रात्रीची एसटी बघू, चोर्ल्याचा रस्ता आता कसा केलाय ते त्यांना बघायचंय.