शंखाला हवा बाधते

शंख-शिंपले जमवणारा माणूस सदानकदा किनाऱ्यावर असणार, असा समज आहे. ठाण्यात राहून हा नाद करणाऱ्याचा बराचसा वेळ मात्र घरात, बादलीपाशी आणि कपाटापुढे जातो. खाडी दाराशी आहे खरी, पण तिथे चिखल आणि तिवरं, शिवाय खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्यात. तिथून काही उचलायचं नाही. वाळू हवी तर उरण. जानेवारी 2024 पासून नेरूळहून लोकल थेट तिथवर जाते.

निघण्याआधी पंचांग बघावं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे सहा तासांनी सुकती. अमावास्या-पुनवेला पाणी सगळ्यात लांब ओसरतं, तेही सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. म्हणजे पहाटेची गाडी चुकली की दिवस गेला.

रिकामा शंखच उचलावा. तो वाळूवर उताणा ठेवून दोन-चार मिनिटं थांबलं की आत भाडेकरू खेकडा असल्यास पाय बाहेर काढतोच. जिवंत कोन शंखाला हात लावू नये, त्याचा दात विषारी असतो. मोठे शिरस्त्राण शंख, नॉटिलस, राक्षसी शिंपले हे 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. दुकानात दिसले म्हणून ते घ्यायला मोकळे झाले असं नाही.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात दोन दिवस, पाणी बदलत. मीठ आत राहिलं तर पुढे दमट हवेत तेच पाणी ओढतं. वरची तपकिरी साल काढायची असेल तर ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं, आणि दर तासाला बघायचं. कवड्यांना ब्लीच अजिबात नको, त्यांची मूळची झिलई जाते. बाथरूमचं ॲसिड तर कशालाच नको. शंख म्हणजे चुना. फेस येतो तेव्हा मळ नाही, शंखच विरघळत असतो. त्यात ब्लीचही मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, मग शंख राहतो बाजूला आणि माणसालाच उचलून न्यावं लागतं.

खरा शत्रू पुढेच असतो, आणि तो म्हणजे हौसेने करून घेतलेलं लाकडी शोकेस. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा, कापूस यांतून आम्लाची वाफ सुटत राहते. बंद काच आणि ठाण्याचा पावसाळा जोडीला आला की चकचकीत शंखावर पांढरी भुकटी धरते आणि खण उघडताच व्हिनेगरसारखा वास येतो. 1899 मध्ये बाइन नावाच्या ब्रिटिश संग्राहकाने यावर लिहिलं. जिवाणूंचाही त्यात हात असावा असं त्याला वाटलं. म्हणून आजही याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात. रोग कसला, साधं रसायन आहे: आम्ल चुन्याला खातं. बुरशी समजून कोरड्या फडक्याने पुसणं हा नेहमीचा घोळ. पुसल्याने काही थांबत नाही. शंख दिवसभर साध्या पाण्यात ठेवून पूर्ण वाळवायचा, आणि मुख्य म्हणजे जागा बदलायची. गेलेली झिलई मात्र परत येत नाही.

जागा म्हणजे लोखंडी कपाट, आत प्लास्टिकच्या डब्या, कापसाऐवजी पॉलिएस्टरचा भराव, आणि जून ते सप्टेंबर सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की बदलायचे.

शंखाबरोबर चिठ्ठी हवीच: तारीख, नेमका किनारा, वाळू की खडक, कुणी उचलला. नुसतं ‘उरण’ पुरत नाही. चिठ्ठी आम्लमुक्त कागदाची, अक्षर पेन्सिलीचं. जेलपेनची शाई पहिल्याच पावसाळ्यात पसरते. शंखाच्या तोंडाशी बारीक आकडा, तोच आकडा वहीत. ज्यांचं गाव-तारीख काहीच ठाऊक नाही, ‘कुणीतरी गोव्याहून आणलेले’, ते वेगळ्या खोक्यात टाकावेत. पाहुण्यांची मुलं आली की तेच खोकं पुढे करायचं.