राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी…

कोल्हापूरकर चालतो भरपूर, पण गोल. रंकाळ्याला फेरी, विद्यापीठाच्या आवारात फेरी, आणि मग मिसळ. लांबवर सरळ चालत जायचं ते फक्त देवासाठी. जोतिबा, आदमापूर, नाहीतर पंढरपूर. उगीचच नदीच्या कडेनं सायकल घेऊन निघालोय म्हटलं, की समोरचा आधी पायांकडं बघतो आणि विचारतो, "नवस हाय काय?"

परदेशात अशा वाटांना ग्रीनवे म्हणतात. जुने रेल्वेमार्ग, कालव्यांचे काठ जोडून केलेल्या, मोटारींना बंदी असलेल्या शेकडो किलोमीटरच्या वाटा. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून कंबरलँडपर्यंत एका जुन्या कालव्याच्या काठानं १८४.५ मैलांची वाट आहे. पूर्वी तिच्यावरून खेचरं होड्या ओढायची. तिथं मोटाररस्ता करायचं घाटत होतं, आणि एका वर्तमानपत्रानं अग्रलेख लिहून त्याची भलामण केली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर आवतण दिलं, माझ्याबरोबर चालून बघा आणि मग लिहा. १९५४ च्या मार्चमध्ये ते खरोखर सगळी वाट चालले. रस्ता बारगळला आणि १९७१ मध्ये त्या कालव्याचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. न्यायमूर्तींनी निकालपत्राऐवजी पाय वापरले, हे मला फार आवडलं.

आपल्याकडं पंचगंगेला असा सलग काठरस्ता नाही. पण नकाशा आहे, आणि तो दर पावसाळ्यात पुराच्या बुलेटिनमध्ये ऐकून आपण पाठ म्हणतो: "पंचगंगा नदीवरील शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड व शिरोळ हे बंधारे पाण्याखाली." जुलैत ही ओळ ऐकली की आपण माळ्यावरची जागा मोकळी करायला लागतो. दिवाळीनंतर तीच ओळ हातात धरून निघालं तर प्रयाग चिखलीच्या संगमापासून नरसोबाच्या वाडीपर्यंत नदीची सुमारे ८० किलोमीटरची वाट उलगडत जाते. मधले सांधे आपण जुळवायचे. कुठं पाणंद, कुठं गाडीवाट, कुठं नुसता उसाचा बांध.

बंधाऱ्यापाशी मात्र उतरून बघावं. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी अख्ख्या जिल्ह्याला तोंडपाठ, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. पण बंधारा जवळून बघितलेले शहरात किती निघतील कोण जाणे. दगडी खांबांना उभ्या खाचा, त्यात एकावर एक सरकवलेले बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या. पूर्वी लाकडी बरग्यांच्या दोन रांगा लावून मधे माती ठेचून भरायचे, आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी आले. फटींतून पाण्याच्या बारीक चिळकांड्या उडत असतात आणि त्यांच्या खालच्या दगडावर हिरवं शेवाळ बसलेलं असतं. पावसाळा सरला की बरगे घालायचे, पावसाळा तोंडावर आला की काढायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. ही पद्धत देशभर कोल्हापूरच्या नावानं ओळखली जाते, आणि आपण मात्र नाव काढतो ते तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं. वरचा अरुंद माथा गावकऱ्यांचा पूल होतो. म्हशी, मोटारसायकली, वैरणीचे भारे, सगळं त्याच्यावरूनच. समोरून वैरणीचा भारा आला की सायकल उभी धरून अंग चोरायचं. तिथं हक्क भाऱ्याचा.

पाणंदीत सायकलीचा तोरा उतरतो. दोन्ही बाजूंना ऊस, वर फक्त आभाळाची पट्टी, खाली ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि बाभळीचे काटे. पंक्चर हे इथलं टोलनाकं. आणि मधेच पाणंद संपते. एका मळीत, म्हणजे नदीकाठच्या शेतात, उसाचं वाडं बांधत बसलेल्या मामांनी सांगितलं, "फुडं बांधच हाय पावणं. सायकल घ्या खांद्यावर, जावा सरळ." 'सरळ' म्हणजे दोन ओढे आणि एक पाण्याचा पाट, हे बाहेरच्यांना कळायला वेळ लागतो.

म्हणून ही वाट अर्धी सायकलीची, अर्धी पायांची, आणि मला त्यातली पायांची जास्त आवडते. सायकलीवरून गुऱ्हाळाचा नुसता वास मिळतो. चालत असलात तर हाक येते. काहिलीत रस उकळत असतो, भेंडीच्या चिकानं वर आलेली मळी झाऱ्यानं काढून टाकत असतात, आणि गुळव्याला पाक आला की नाही हे विचारायची कुणाची छाती नसते. हातावर गरम गूळ ठेवतात, तो या हातातून त्या हातात उडवत खायचा.

सगळंच गोड नाही. मोठ्या वस्तीच्या खालच्या अंगाला पाणी काळपट होतं, केंदाळ साचतं, नाकाला रुमाल लावून पुढं सटकावं लागतं. मोटारीतून पूल ओलांडताना हे चार सेकंदांत मागं पडतं. पायी माणसाला त्याच्याबरोबर तासभर चालावं लागतं. न्यायमूर्तींची युक्ती इथं कुणावर तरी वापरायला हवी.

आता कुणी म्हणेल, मग होऊन जाऊ दे, पेव्हर ब्लॉक, रेलिंग, सेल्फी पॉइंट. २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तसल्या पाण्यापुढं तुमचे ब्लॉक थेट कर्नाटकात सापडायचे. नदीची मळी चार महिने नदीचीच. वाडीच्या दत्तमंदिरात तर हे केव्हाच मान्य झालंय. पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून दक्षिण दरवाज्यानं बाहेर पडलं की तिथं तक्रार होत नाही, दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक स्नानाला धावतात. माझ्या हिशेबी चार फाट्यांवर साधे बाणाचे दगड पुरेत. बुडले तरी जागचे हलणार नाहीत.

वाडीत पोचल्यावर दर्शन, बासुंदी, कवठाची बर्फी, या क्रमात बदल नको. परतीला डांबरी रस्ता बरा, पण गळीत हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागून आला की निमूट साइडपट्टीवर उतरावं. ट्रॉलीचं शेपूट कुठं फिरेल हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं.

बुलेटिनची पुढची ओळ भोगावतीची आहे, हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे. एकाच कोग्याचा एक बंधारा सरकारी आणि दुसरा खडक का, हे लहानपणापासून मनात आहे. बरगे बसले की विचारायला निघायचं, आणि तशीच वर राधानगरीपर्यंत मजल मारायची.