श्रीरंगपट्टण: ‘आठ पॉइंट’च्या रिक्षेत बसू नका

म्हैसूरला जाताना वाटेत दोन तास काढले की श्रीरंगपट्टण, म्हणजे कावेरीच्या बेटावरची टिपू सुलतानाची राजधानी, उरकतं, असं सांगणाऱ्या सगळ्यांना एकदा एप्रिलच्या भर दुपारी गंजामच्या रस्त्यावर चालवायला हवं. दोन तासांत उरकतं ते रिक्षावाल्याचं, आपलं नाही. बेट नीट बघायला अख्खा दिवस लागतो, तोही सकाळी सातला सुरुवात केली तर.

आधी जागेची रचना समजून घ्या, म्हणजे पुढची लबाडी लक्षात येईल. कावेरी इथे दुभंगते आणि पाचेक किलोमीटरवर पुन्हा एक होते. मधल्या बेटाच्या पश्चिम टोकाला किल्ला. किल्ल्याच्या आत जुनं गाव, रंगनाथस्वामींचं देऊळ आणि चक्क रेल्वे स्टेशन. पूर्व टोकाला गंजाम, म्हणजे गुंबज (हैदर-टिपूची कबर), निमिषांबेचं देऊळ आणि संगम. दर्या दौलत हा टिपूचा महाल या दोन्हींच्या मध्ये. ‘पॉइंट’ म्हणून जे काही विकलं जातं त्यातलं निम्म्याहून अधिक किल्ल्यातच आहे, एकमेकांपासून चालत पाच-सात मिनिटांवर.

म्हैसूरहून पॅसेंजर गाडीनंच या. बंगळूरहून बसनं येणार असाल तर कंडक्टरला आधी विचारून घ्या, कारण 2023 मध्ये खुला झालेला नवा महामार्ग गावाला वळसा घालून जातो आणि नॉनस्टॉप बस तुम्हाला थेट म्हैसूरला नेऊन सोडते.

स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की ‘साब, एट पॉइंट, एट हंड्रेड’ सुरू होतं. हे आठ पॉइंट कोणते? देऊळ, बेलीची अंधारकोठडी, वॉटर गेट, टिपूचा मृतदेह सापडला ती जागा, जामा मशीद, दर्या दौलत, गुंबज, संगम. पहिले पाच तुम्ही चालत बघू शकता आणि चालतच बघायला हवेत. रिक्षावाला या पाच ठिकाणी इंजिन बंदसुद्धा करत नाही. आम्ही किल्ला पायी बघून, नंतरचं फक्त जाणं-येणं थांबण्यासकट चारशेला ठरवलं. ‘थांबण्यासकट’ हा शब्द मी बोटानं घड्याळ दाखवून दोनदा म्हटला, त्यानं दोनदा मान डोलावली. दर्या दौलतच्या फाटकाशी उतरल्यावर म्हणाला, वेटिंग वेगळं, तासाला दोनशे. नाही म्हटलं तर दोनशे घेऊन निघून गेला. तेव्हा ठरवायचंच असेल तर एकेरी ठरवा, उतरल्यावर पैसे द्या, आणि पुढच्या टप्प्याचं पुढे बघा. कन्नडमध्ये ‘एष्टु’ (किती) आणि ‘बेडा’ (नको) एवढे दोन शब्द आले तरी सुरुवातीचा भाव खाली येतो.

आता किल्ला. पॅकेजमध्ये जे दाखवत नाहीत तेच इथलं सगळ्यात मोलाचं आहे: पश्चिमेचा तट. देऊळ सकाळी लवकर उरका (दुपारी ते बंद असतं), मग गाव मागे टाकून तटाकडे चालत जा. 1907 साली म्हैसूर सरकारनं उभारलेला एक स्मारकस्तंभ दिसेल, 1799 मध्ये टिपूशी झालेल्या शेवटच्या लढाईत इंग्रजांच्या तोफांनी तटाला खिंडार पाडलं ती जागा त्याच्याजवळच. तिथून नदीकडे बघा. आम्ही गेलो तेव्हा पात्रात गोल काळे खडक उघडे पडले होते, मधून गुडघाभर पाण्याच्या धारा, आणि एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन पलीकडून चालत येत होता. 1799 चा सगळा प्रकार त्या क्षणी डोक्यात बसला. इंग्रजांना मे महिन्यातच काम संपवायचं होतं, कारण पाऊस लागून नदी चढली की या बेटाला वेढा घालणं म्हणजे पाण्याला वेढा घालणं. 4 मे रोजी भर दुपारी, लोक जेवणाच्या तयारीत असताना, इंग्रजांकडच्या जनरल बेअर्डची तुकडी नदी उतरून खिंडारातून आत घुसली. हा बेअर्ड पूर्वी हैदर-टिपूविरुद्धच्या पोल्लिलूरच्या लढाईत पकडला जाऊन साडेतीन वर्षांहून जास्त काळ याच बेटावर कैदेत होता. आता वर कृष्णराजसागर धरण असल्यामुळे नदीचं पाणी धरणाच्या मर्जीनं चढतं-उतरतं, पण उन्हाळ्यात गेलात तर नदी पायी पार करायची ती जागा डोळ्यांनी दिसते. ऊन सोसायचा एवढा एकच फायदा.

मराठी माणसानं तर या तटावर बसून घ्यावं. 1771 मध्ये थोरले माधवराव आजारी पडून परतल्यावर त्र्यंबकमामा पेठ्यांनी चिनकुरळीला हैदरअलीचा धुव्वा उडवला. हैदर या तटाआड शिरला आणि वेढा घालूनही बेट काही हाती आलं नाही. 1791 मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस दाराशी येऊन दाणावैरण संपल्यामुळे स्वतःच्याच वेढ्याच्या तोफा फोडून मागे फिरला, आणि वाटेत त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा भेटल्या, भरल्या बाजारासकट. पुढच्या वर्षी टिपूला अर्धं राज्य, 3 कोटी 30 लाख रुपये आणि दोन मुलगे ओलीस द्यावे लागले. त्याच मोहिमेत शृंगेरीचा मठ लुटला तो आपल्याच बाजूच्या पेंढाऱ्यांनी, आणि मठाच्या मदतीला धावला तो टिपू. टिपूवरून हल्ली दोन्ही बाजूंनी तावातावानं बोलणाऱ्यांची मला तिथे फार आठवण झाली. 1799 च्या शेवटच्या लढाईत मात्र पेशव्यांची फौज नव्हती.

बाकीचं किल्ल्यातलं भराभर. टिपूचा मृतदेह सापडला तिथे कठड्यातला एक दगड आहे. जाताजाता बघा, वेळ घालवू नका. बेलीची अंधारकोठडी थंडगार, चुन्यानं रंगवलेली, कैद्यांना बांधायचे भोकं पाडलेले दगड भिंतीला, आणि मधोमध छप्पर फोडून पडलेली म्हणतात ती तोफ. छान आहे. जामा मशिदीचे दोन मनोरे सुरेख, 1787 चे. रेल्वेचा मार्ग दुहेरी करताना टिपूचं शस्त्रागार 2017 मध्ये अख्खंच्या अख्खं उचलून शंभराहून जास्त मीटर सरकवलं, ते स्टेशनजवळ आहे. इंजिनिअर लोकांनी जरूर बघावं, इतरांना विटांची एक खोली दिसेल.

दर्या दौलतसाठी मात्र तासभर ठेवाच. 1784 चा हा सागवानी महाल बाहेरून हिरव्या पडद्यांत गुंडाळलेला असतो, त्यामुळे आत शिरल्यावर काही दिसत नाही आणि लोक ‘काहीच नाहीये’ म्हणून दोन मिनिटांत बाहेर पडतात. डोळे सरावेपर्यंत थांबा. पश्चिमेच्या भिंतीवर 1780 च्या पोल्लिलूरच्या लढाईचं चित्र आहे: इंग्रजांच्या चौकोनी फळीत मधोमध पालखीत बसलेला कर्नल बेली (मघाच्या अंधारकोठडीवालाच) तोंडात बोट घालून बघतोय आणि दारूगोळ्याच्या गाडीचा भडका उडालाय. घोड्यांच्या रांगाच्या रांगा, प्रत्येक स्वार एकसारखा, आणि तरी कंटाळा येत नाही. पूर्वेच्या भिंतीवर राजेरजवाड्यांच्या चित्रांत पेशवेही आहेत, ते शोधायला मुलांना लावा. टिपूच्या पराभवानंतर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लू जिंकणारा, याच महालात राहत होता.

आणि मग तो गंजामचा रस्ता. दर्या दौलत ते गुंबज साधारण दोन किलोमीटर, पण ते कागदावर. डांबर तापलेलं, सावली तुकड्यातुकड्यांत, पदपथ नाही, आणि मागून येणाऱ्या टूरिस्ट बसा तुम्हाला शेतात ढकलतात. मी सह्याद्रीत बरंच चाललोय, या दोन किलोमीटरनं जितका वैताग दिला तितका कुठल्या घाटानं दिला नाही. वाटेत रिक्षा मिळत नाही असं नाही, रिकाम्या रिक्षा थांबतच नाहीत; सगळ्या पॅकेजवाल्यांच्या. दहाच्या आत हा टप्पा पार करा किंवा किल्ल्यातूनच भाड्याची सायकल मिळते का बघा. दुपारी पायी जाऊ नका, संपलं.

गुंबजपाशी पोचलो तेव्हा चिडलेलो होतो, त्यामुळे त्याचं कौतुक कमी होतंय हे कबूल. हैदरअली, टिपूची आई आणि टिपू इथे शेजारीशेजारी आहेत. बाहेर काळ्या घडीव दगडाचे 36 खांब, आतल्या भिंतींवर वाघाचे पट्टे रंगवलेले. हस्तिदंती नक्षीचे दरवाजे डलहौसीनं दिलेले. जोडे काढावे लागतात आणि चौथरा तव्यासारखा तापतो, म्हणून जाड मोजे जवळ असू द्या. जवळच लालबाग महाल होता. इंग्रजांनी तो पाडला आणि त्याची तुळवटं ऊटीच्या सेंट स्टीफन्स चर्चला गेली. ऊटीला जाणार असाल तर वर मान करून बघा.

संगम वगळा. श्रद्धेनं जाणाऱ्यांनी जावं, बघायला जाणाऱ्यांनी नको. तिथले गोल टोपलीवाले, म्हणजे कोराकल चालवणारे, माणशी दोनशे सांगतात, दरफलक कुठेच नाही, लाइफ जॅकेट मागितलं तर हसतात. मध्यावर नेऊन टोपली गरगर फिरवली की ‘स्पेशल राउंड’चे शंभर वेगळे, आणि ते मागायची वेळ काठावर पोचायच्या आधीची. पायऱ्यांवरून पाण्यात उतरायचा मोहही टाळा: ओढ फसवी आहे, आणि कावेरीत सुसरी नाहीत, पण मगरी आहेत.

होडीचीच हौस असेल तर गाव सोडून तीन-चार किलोमीटरवर रंगनतिट्टू पक्षी अभयारण्यात जा. सलीम अलींच्या आग्रहानं 1940 मध्ये जाहीर झालेलं. वनखात्याची होडी, खिडकीवर छापील तिकीट, वल्हवणारा पक्ष्यांची नावं सांगतो. चित्रबलाक आणि चमचा पक्षी इतके जवळून दिसतात की लांब लेन्स नसली तरी चालेल, आणि खडकावर मगर आ वासून पडलेली असतेच. सकाळी उघडताउघडता पोचा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की होड्या बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा.