घर घ्यावं की भाड्यानेच राहावं: आमचे 14 दिवस

मार्चमधल्या एका मंगळवारी नोटारकडून खरेदीखताचा मसुदा आला. 23 पानं, सगळी जर्मनमध्ये. इथे जर्मनीत घराचा व्यवहार नोटारसमोरच, म्हणजे सरकारने नेमलेल्या कायदेतज्ज्ञासमोरच होतो. तो खरेदीखत शब्द न् शब्द मोठ्याने वाचून दाखवतो, मगच सह्या होतात. विकणारी कंपनी असेल आणि घेणारं आमच्यासारखं साधं कुटुंब असेल, तर मसुदा हातात पडल्यापासून सहीपर्यंत साधारण दोन आठवडे मधे जावे लागतात. घाईघाईत कुणी अडकू नये म्हणून हा नियम आहे. त्या 14 दिवसांत आम्ही नवरा-बायको जेवढं बोललो, तेवढं लग्नानंतरच्या नऊ वर्षांत बोललो नसू.

आम्ही स्टुटगार्टजवळ एसलिंगेनला राहतो, नेकार नदीच्या काठी. सहा वर्षं एकाच भाड्याच्या घरात. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात, युरोपियन युनियनमध्ये हे प्रमाण सर्वांत जास्त आहे. पण आम्ही राहतो तो श्वाबेन लोकांचा मुलुख. इथे माणूस कमावता झाला की स्वतःच्या घरासाठी पैसे बाजूला टाकायला लागतो. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत व्याजदर, गवंडी आणि छपराची कौलं हेच विषय. त्यातून दर रविवारी पुण्याहून आईचा फोन. "अगं, भाडं म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. तेवढ्याच हप्त्यात स्वतःचं झालं असतं."

आईचं म्हणणं मला पटत होतं, कारण मी तिच्याच घरात वाढले. घरात म्हणजे घरांत. दहावीपर्यंत आमची नऊ घरं झाली. धनकवडी, बिबवेवाडी, पुन्हा धनकवडी, कर्वेनगर. भाडेकरार अकरा महिन्यांचा, कारण भाडेकरू जास्त राहिला तर कायमचा बसेल ही मालकाची भीती. दहावा महिना लागला की बाबा संध्याकाळी घरं बघायला बाहेर पडायचे आणि आई किराण्याच्या दुकानातून रिकामी खोकी आणून पलंगाखाली सारायची. भिंतीला खिळा मारायचा नाही हा प्रत्येक मालकाचा पहिला नियम, नाहीतर डिपॉझिटमधून पैसे कापले जायचे. आमचं कालनिर्णय खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असायचं. वारा आला की फडफडायचं, पावसाळ्यात खालची पानं भिजायची आणि ऑगस्टपर्यंत डिसेंबरच्या पानाला पोपडे यायचे. ते कालनिर्णय भिंतीवर असावं, एवढीच माझी स्वतःच्या घराची कल्पना होती.

नवऱ्याचं नेमकं उलट. राजापूर तालुक्यात त्यांचं चिऱ्याचं वडिलोपार्जित घर आहे. सातबाऱ्यावर चौदा नावं, आणि राहायला कुणीच नाही. लहानपणी दर मे महिन्यात शाकारणी. एकेक कौल उतरवायचं, फुटकी बाजूला काढायची, रीपा आणि वाशांना वाळवी लागली का ते बघायचं, पाऊस पडायच्या आत सगळं परत चढवायचं. कुणाचं कॉलेज, कुणाची नोकरी, सगळं त्या छपराच्या वेळापत्रकावर. तो म्हणतो, "घर आपलं नसतं गं, आपण घराचे असतो." या वाक्यावर मी त्याच्याशी पुष्कळदा भांडले आहे.

घर होतं प्लोखिंगेनला. आमच्याच एस-1 लोकलवर, शाळा जवळ, बाल्कनीतून टेकडी दिसते. 78 चौरस मीटर, 1972 ची इमारत, किंमत 3,60,000 युरो. स्वयंपाकघराला खिडकी होती. पहिल्या भेटीतच फोडणीचा धूर कुठून जाईल याचा विचार करत मी तिथे उभी राहिले आणि मनात घर घेऊनही टाकलं.

मग कागद-पेन घेऊन बसलो. आमच्या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, घर घेताना किमतीच्या 5 टक्के कर भरावा लागतो, आपल्या मुद्रांक शुल्कासारखा. म्हणजे 18,000 युरो. नोटार आणि जमिनीच्या नोंदवहीत नाव चढवण्याचा खर्च साधारण 2 टक्के, म्हणजे 7,200. दलालाचे आमच्या वाट्याचे 3.57 टक्के, म्हणजे 12,852. बेरीज 38,052 युरो. हे पैसे घराच्या भिंतीत जात नाहीत, कर्ज फेडत नाहीत, उद्या घर विकलं तर परतही मिळत नाहीत. शिवाय बँका हा वरचा खर्च आणि किमतीचा पाचवा हिस्सा घरच्या खिशातून मागतात. आमचे 1,10,000 युरो, म्हणजे इथली आजवरची सगळी शिल्लक, एका सहीत संपणार होते.

उरलेलं कर्ज 2,88,000. व्याज 3.6 टक्के, मुद्दलफेड वर्षाला 2 टक्के. हप्ता 1,344. त्यात पहिल्या महिन्याचं व्याज 864 आणि मुद्दल फक्त 480. त्यावर सोसायटीची वर्गणी, जिला इथे हाउसगेल्ड म्हणतात, 380. एकूण 1,724. सध्याचं आमचं भाडं हीटिंग आणि पाण्यासकट 1,390, आणि त्याशिवायचं नुसतं भाडं, ज्याला काल्टमीटे म्हणतात, 1,120.

मी म्हणाले, "बघ, 480 तरी आपल्याच खिशात राहतात."

तो म्हणाला, "आणि 864 बँकेच्या. ते पण भाडंच की, पैशांचं भाडं."

ही गोष्ट मी तोवर खरोखर डोळे उघडून पाहिली नव्हती. भाडं वाया जातं असं आपण सगळे म्हणतो, पण व्याज, कर आणि दलाली वाया गेली असं आपल्या घरात कुणी म्हणत नाही. वर्गणीतला मालकानेच सोसायचा भाग आणि व्याज मिळून महिन्याला हजाराच्या पुढे जात होते. तिकडे भाडं 1,120. महिन्याला शंभरएक युरोंची बचत करत ते 38,052 युरो भरून निघायचे होते. पुढे व्याज कमी होत जाईल, भाडं वाढेल, घराची किंमतही कदाचित वाढेल, हे सगळं धरूनसुद्धा बरीच वर्षं. आमच्या ओळखीच्या एका सातारकर कुटुंबाने 2021 मध्ये एक टक्क्याच्या आसपास व्याजाने घर घेतलं. त्यांच्या घरी गेलं की माझ्या पोटात कालवाकालव व्हायची. पण 2021 परत येणार नव्हतं आणि आम्हाला आजचा हिशेब करायचा होता.

सहाव्या दिवशी नवऱ्याने सोसायटीच्या गेल्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं वाचायला घेतली. जुन्या इमारतीत घर घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगेन, ही इतिवृत्तं मागून घ्याच. दलालाच्या माहितीपत्रकात बाल्कनीतली टेकडी होती, इतिवृत्तात तळघरातला तेलावर चालणारा जुना बॉयलर होता. बाहेरच्या भिंतींना थंडीपासून आवरण घालायचा विषय दोन सभांत पुढे ढकललेला. इमारतीचा ऊर्जेचा वर्ग एफ, म्हणजे शेवटून तिसरा. दुरुस्तीनिधी 24 घरांत मिळून 41,000 युरो. काम निघालं की प्रत्येक घराला वेगळी वर्गणी काढावी लागणार हे उघड होतं. त्या रात्री तो काही बोलला नाही, नुसता इतिवृत्ताच्या त्या ओळीवर बोट ठेवून बसला. मला त्याच्या तोंडावर राजापूरचं छप्पर दिसलं.

तरी मी मागे हटले नाही. माझी अडचण पैशांची नव्हती. मला कुणी ऊठ म्हणायला नको होतं, बस्स.

इथे मधे आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी येतात. आमच्या भागात जिना झाडण्या-पुसण्याची पाळी असते, केरवोखं. ज्याची पाळी त्याच्या दाराला एक छोटी पाटी लटकते आणि आठवडा संपला की शेजाऱ्याने ती पुढच्या दारावर नेऊन लावायची. त्या शनिवारी पाटी द्यायला मी वर गेले. आजी 1984 पासून त्या घरात आहेत, मुलं तिथेच वाढली. ते घर त्यांचं स्वतःचं असेल असं मी सहा वर्षं धरून चालले होते. ते भाड्याचं आहे. मालक दोनदा बदलला, त्यांचा करार तोच आहे. घर विकलं म्हणून भाडेकरार मोडत नाही, असा इथला कायदा आहे. दारात उभ्या उभ्या मी त्यांच्या मागची भिंत बघत होते. फोटो, घड्याळ, पुस्तकांच्या फळ्या, एक भलामोठा आरसा. खिळ्यांची मोजदाद करणं कठीण.

मी खाली येऊन आमचा स्वतःचा करार काढला. सहा वर्षांपूर्वी जर्मन धड येत नसताना त्यावर सही केली होती. त्यात मुदत लिहिलेलीच नाही. अकरा महिने नाहीत, तीन वर्षं नाहीत, काहीच नाही. मालकाला आम्हाला काढायचं असेल तर कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला राहायला हवं हे त्यातलं मुख्य. तरीही आम्हाला पाच वर्षांहून जास्त झाली असल्याने सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते, आठ वर्षं झाली की नऊ महिने आधी. भाडं वाढवायलाही मर्यादा आहे: तीन वर्षांत 20 टक्के, आणि घरांची टंचाई असलेल्या जाहीर गावांत 15.

हे सगळं गोड आहे असं नाही. मालकाच्या मुलाला घर हवं म्हणून मुलीच्या बालवाडीतल्या एका कुटुंबाला जावं लागलं, आणि स्टुटगार्टच्या आसपास नवं घर मिळवणं म्हणजे पगारपत्रकं आणि देणी वेळेवर फेडल्याचा दाखला घेऊन जिन्यात रांगेत उभं राहणं. ती भीती मला आजही आहे. पण ती पुण्यातल्या दहाव्या महिन्याची भीती नाही. मी जी असुरक्षितता टाळायला 38,000 युरो भरायला निघाले होते, ती या गावात नव्हतीच. ती मी सोबत घेऊन आले होते.

अकराव्या दिवशी मीच म्हणाले, नको. तो खूश झाला नाही. खूप वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तुला नंतर वाईट वाटेल." वाटलंच. अजूनही एस-1 प्लोखिंगेनला थांबली की मी टेकडीकडे बघते. सही होण्याआधी माघार घेता येते, पण मसुद्याचं नोटारचं बिल आम्हाला भरावं लागलं. ते मी कुरकुर न करता भरलं.

आईला सांगितलं तेव्हा फोनवर शांतता. मग बाबांचा आवाज आला, "करारात मुदतच नाही म्हणतेस? असं कसं?" मी त्यांना पूर्ण करार मराठीत वाचून दाखवला, अर्धा तास लागला. त्यांनी मधेच दोनदा विचारलं, "म्हणजे किती वर्षं?"

आमचं आपसांत ठरलं ते असं. हप्ता अधिक वर्गणी आणि सध्याचं भाडं यांतला फरक, महिन्याला 334 युरो, वेगळ्या खात्यात टाकायचा, त्याला हात लावायचा नाही. मुलगी 2029 मध्ये चौथी पास होईल. इथे चौथीनंतर शाळा बदलते, तेव्हा गावही बदलायचं का हे कळेल, त्या वर्षी पुन्हा कागद-पेन घेऊन बसायचं. नवऱ्याची नोकरी गाडी-उद्योगात आहे. सध्या त्या धंद्यात कुणालाच पाच वर्षांपुढचं दिसत नाही. म्हणून तारीख त्यानेच घातली. माझी अट एकच होती. राजापूरच्या छपराचा आपल्या वाट्याचा खर्च यंदा द्यायचा, चौदा जणांपैकी कोण देतं कोण नाही ते न बघता. मेमध्ये वासे बदलून झाले, चुलत दिराने फोटो पाठवले.

आणि स्वयंपाकघराची भिंत. इथल्या काँक्रीटमध्ये खिळा वाकतो, ड्रिलच लागतं. 6 चा बिट, प्लॅस्टिकचा प्लग, वर स्क्रू. रविवारी इथे ड्रिल चालवायचं नसतं, म्हणून शनिवारी सकाळी शेजाऱ्यांना सांगून केलं. भोक मी स्वतः पाडलं. पांढरी भुकटी मुलीने कागदाच्या पुडीत धरली. कालनिर्णय पुण्याहून जानेवारीतच आलं होतं, तेव्हापासून फ्रिजवर आडवं पडलं होतं. ते टांगलं, मार्चचं पान मागे टाकलं आणि एप्रिलच्या पानावर दुधाचे खाडे लिहायच्या जागेत मुलीने केरवोखंच्या पाळीची तारीख लिहिली.