आधी सांगू दे, मग लिहू

मंगळवार

आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. आज बकासुर. मुलांसाठीच्या महाभारतातलं ते प्रकरण एकदाच वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा.

धाकट्याने (सहावं चालू आहे) गाड्यावर काय काय होतं ते सांगण्यातच सगळा वेळ घालवला. भाताची रास आणि दोन रेडे पुस्तकातले. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि फणसाची सांदणं ही त्याची पदरची भर. भीमाने राक्षसाला मारलं हे एका वाक्यात उरकलं आणि विचारलं, "बकासुराची आई कुठे गेलेली?" थोरली आठ वर्षांची. तिला राक्षसात रस नव्हता, तिचं भांडण कुंतीशी होतं. दुसऱ्याच्या घरचं संकट टाळायला स्वतःच्या मुलाला पाठवते म्हणजे काय? सांगता सांगता आवाज चढला. मी दोघांचंही जसंच्या तसं उतरवून घेतलं. धाकट्याच्या एकेका वाक्यात तीन तीन "मग" असतात, तेही ठेवले. या वहीत मी दुरुस्ती करत नाही. ऱ्हस्व-दीर्घ माझं, वाक्य त्यांचं.

ही पद्धत माझ्या डोक्यातून निघालेली नाही. शार्लट मेसन नावाच्या इंग्लंडमधल्या शिक्षिकेने (1842–1923) अँबलसाइड गावी बसून ती मांडली. मुलांना सारांश काढलेली बाळबोध पुस्तकं न देता अस्सल साहित्य द्यावं, एकदाच वाचावं, मग मुलाने ते आपल्या शब्दांत सांगावं. धडे लहान असावेत, पंधरा-वीस मिनिटांचे. सहा वर्षांपर्यंत रीतसर शिकवणं नको, त्या वयात भरपूर बाहेर हिंडावं. जगभर घरी शिकवणाऱ्या आयांना ही बाई पाठ असते. इंटरनेटवर तिच्या नावाने जे दिसतं त्यात मात्र लाकडी टेबल, तागाचा टेबलक्लॉथ आणि फुलदाणी फार असते. आमच्याकडे ओट्याजवळची सतरंजी आहे, तिच्यावर सकाळी सासूबाई नारळ खवतात.

मुलाला लिहिता येत नाही म्हणून त्याला सांगताही येत नाही, असं आपण का धरून चालतो? बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात त्या ओव्या म्हणत राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी त्या टिपून ठेवल्या, आणि बहिणाबाई गेल्यावर 1952 साली पुस्तक निघालं. रचणारा एक आणि टिपणारा दुसरा, यात आपल्याकडे कधी कोणाला कमीपणा वाटला नाही. नेवाशाला ज्ञानेश्वरांनी सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी लिहिलं. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीतच आपण हट्ट धरतो की जे काही सुचेल ते स्वतःच्या हाताने, चार रेघांत, वळणदार लिही. त्याच्या बोटांत जोर यायला अजून वेळ आहे. तोवर डोक्यातला बकासुर कुठे ठेवायचा त्याने?

बुधवार

पाऊस. वीज दुपारपर्यंत नव्हती. शेजारच्यांच्या मळ्यात लावणी चालू आहे, दोघंही तरव्याच्या जुड्या पोचवायच्या निमित्ताने चिखलात. अभ्यास शून्य. रात्री वाचायला घेतलं तर दुसऱ्या पानाला दोघं झोपलेले.

गुरुवार

पिंगुळीला जाऊन आलो. कुडाळहून जवळच, पण जायचं राहत होतं.

पिंगुळीच्या गुढीपूर वस्तीत ठाकर कलाकारांची घरं आहेत. परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत उभं केलेलं छोटं संग्रहालय तिथेच आहे. 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी. आम्ही गेलो होतो मुख्यतः चित्रकथीसाठी.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. सुट्या कागदांवर रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे पान उलटलं की गोष्ट पुढे जाते. एका पोथीत एक आख्यान. कथेकरी मांडी घालून बसतो, चित्र समोर फळीला टेकवून उभं करतो आणि सांगायला लागतो. साथीला वीणा, हुडुक, टाळ. पोथी म्हणतात खरं, पण तिच्यात वाचायला मजकूर नसतो. सगळी कथा कथेकऱ्याच्या तोंडात. चित्र त्याला आठवण करून देतं आणि आपल्याला दाखवतं. रामायण-महाभारतातली लोकांच्या तोंडी वाढलेली, ग्रंथात शोधून न सापडणारी प्रसंगमाला त्यात आहे. सावंतवाडीच्या संस्थानाने या कलाकारांना आश्रय दिला, देवळांमधून कथा सांगायचे मान नेमून दिले, म्हणून ती इतकी टिकली.

थोरलीने पहिला प्रश्न विचारला तो डोळ्यांचा. चेहरा बाजूने काढलाय, मग डोळा एवढा मोठा, समोरून दिसतो तसा कसा? तिला सांगण्यात आलं की लांब बसलेल्या माणसालाही कोण कोणाकडे बघतंय ते कळायला हवं. उत्तर तिला एकदम पटलं. धाकटा हुडुक वाजवून बघायला मिळेल का याच्या खटपटीत. मिळालं.

मी मात्र तिथे बसून वेगळ्याच विचारात. चित्र बघून गोष्ट सांगायची, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ती लांबवायची किंवा आवरायची, हे शिक्षण या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या घरीच दिलं गेलं. बापाशेजारी बसून मुलगा टाळ धरतो, मग कधीतरी पान उलटतो, मग एक प्रसंग सांगतो. याला कोणी पद्धत म्हटलं नाही. यातून मी गुळगुळीत निष्कर्ष काढणार नाही, कारण त्याच वस्तीतल्या मुलांना शाळेची गरज होती आणि आहे, आणि कलेवर पोट भरणं किती कठीण झालं होतं हेही उघड आहे. माझ्याकडे नवऱ्याचा पगार आहे आणि दारात पुस्तकं पोचवणारा कुरियर आहे. "आम्ही मुलांना घरी शिकवतो" हे वाक्य त्या बळावर उभं आहे.

शुक्रवार

सकाळपासून पोथी. थोरलीने स्वतःची गोष्ट काढली: लावणीच्या दिवशी गाळात रुतलेला नांगरणीचा ट्रॅक्टर आणि त्याला बाहेर काढणारे चार जण. रंग आमच्याकडे जे होते ते. गेरू, हळद, चुलीतला कोळसा, पोस्टर कलरची वाळत आलेली निळी बाटली. चित्रं पाठीला पाठ लावताना एक उलटं चिकटलं, तर तिने तिथे ट्रॅक्टर उलटला असं सांगून वेळ मारून नेली. मला हे फार आवडलं.

एक सांगायलाच हवं. कलेच्या नावाखाली मुलांकडून "अॅक्टिव्हिटी" करून घेणं मला पटत नाही. कागदाच्या ताटलीचं फुलपाखरू, आईस्क्रीमच्या काड्यांचं घर, सगळ्यांची सारखीच, आणि शेवटी फोटो. मुलाने त्यात काय पाहिलं? आमचा नियम साधा आहे. जे काढायचं ते आधी बघायचं, हातात घ्यायचं, नाहीतर कोणाच्या तोंडून ऐकायचं. परवा कुंपणावर कळलावी फुललेली दिसली. तिची मुळी विषारी, म्हणून हात न लावता काढायचं ठरलं. अर्धा तास निरखल्यावर थोरली म्हणाली, याच्या पानाचं टोकच वळून तणावा झालंय, वेगळा तणावा नाहीच. खरंच तसंच आहे. पानाच्या टोकाने ती वेल कुंपण धरून चढते. मी इतक्या वर्षांत पिवळ्या-तांबड्या पाकळ्यांपलीकडे बघितलं नव्हतं. निसर्गवहीत ते पान आता मोठं करून काढलंय, फूल कोपऱ्यात.

मराठीत या वयासाठी गोष्टी भरपूर मिळतात. झाडं, कीटक, पक्षी यांच्यावर मात्र गोष्टीसारखी वाचता येतील अशी पुस्तकं शोधावी लागतात. जुने "किशोर" कामाला येतात. बालभारतीचं हे मासिक 1971 पासून निघतं, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात. पण छोट्या पडद्यावर वाचून दाखवताना मजा जाते, म्हणून निवडक पानं छापून शिवून घेतलीत.

शनिवार

नणंद आली होती. तिने तोच विषय काढला, सासूबाईंनी री ओढली. "शाळेत नाय धाडलंस तर पोरां शिकतली कशी?" सासूबाई रागावून विचारत नाहीत, त्यांना खरंच काळजी आहे.

कायद्याचं म्हणाल तर चित्र धूसर आहे. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असं त्यात लिहिलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरच्या शिक्षणाबद्दल तो काहीच बोलत नाही. पुढे परीक्षेची वाट आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळी आणि चौदा पूर्ण झाल्यावर दहावी. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचीही पाचवी-आठवी आहे. थोरलीला वाटलं तर ती पाचवीपासून शाळेतही जाईल. हे मी सगळ्यांना सांगते, पण ऐकणाऱ्याला यातलं "वाटलं तर" एवढंच खटकतं.

मला स्वतःला खटकतं ते वेगळं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण येते. 1945 साली बोर्डीत, मग कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांसाठी त्यांनी अंगणातच बालवाडी नेली. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या दारात. गुरं राखायला जाणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. खेळणी म्हणजे शिंपले, बिया, खडे, पानं. आज आम्ही ज्याला कौतुकाने निसर्गाधारित म्हणतो ते त्यांनी तेव्हा केलं, आणि केलं ते ज्यांना शाळाच नव्हती त्यांच्यासाठी. आम्ही उलट दिशेने निघालोय. शाळा दोन मिनिटांवर आहे, तिथली बाई चांगली आहे, आणि आम्ही मुलं घरी ठेवलीत. या प्रश्नाला माझ्याकडे नणंदेला पटेल असं उत्तर नाही. एवढंच करते, की शुक्रवारी दुपारी आमची पुस्तकं ओसरीवर मांडते आणि शाळा सुटल्यावर वाडीतली मुलं येऊन बसतात. त्यांच्यात एक मुलगी दशावतारातला संकासुर असा काही करून दाखवते की आमचे दोघं तिच्यापुढे फिके.

गणिताचं म्हणाल तर गोष्टीतून गणित येतं या भाबडेपणावर माझा विश्वास नाही. पाढे पाठ करावेच लागतात. रोज सकाळी न्याहारीच्या आधी पाढे, कंटाळा आला तरी.

रविवार

गंजिफा! सावंतवाडीच्या राजवाड्यात हे गोल, लाखेच्या रंगांचे पत्ते अजून हाताने रंगवतात. राणीसाहेब सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मरू घातलेल्या या कलेला धरून ठेवलं. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, परशुरामाला परशू. हाताने केलेला पूर्ण संच आमच्या खिशाबाहेरचा, म्हणून खोक्यांचा पुठ्ठा कापून घरीच करायला घेतला. डबीच्या झाकणाभोवती पेन्सिल फिरवायची, कापायचं, रंगवायचं. बारा दाहे किती हे थोरलीने पाठ म्हटलं, आणि एकशेवीस गोल कापायचे या कल्पनेने दोघंही गार. शेवटी चारच अवतार ठरले. मत्स्य, परशुराम, राम, कृष्ण. अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसही पुष्कळ झाले. धाकट्याचे परशू सातव्या पत्त्यापासून खुरप्यासारखे दिसू लागले.

खेळ तिघांचा, म्हणून सासूबाई आपणहून येऊन बसल्या. अर्ध्या रंगांत आकड्यांचा क्रम उलटा, म्हणजे एक्का वरचढ आणि दश्शी हलकी. हे धाकट्याला आमच्या आधी कळलं. मग दुसरा नियम: दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजाने सुरुवात, रात्री असेल तर कृष्णाच्या. रामाचा राजा थोरलीकडे, कृष्णाचा धाकट्याकडे. आणि वेळ नेमकी तिन्हीसांजेची, वर आभाळ भरलेलं. अंधार झालाय का ढग आलेत यावर दोघांची जुंपली. थोरलीने मोबाइलवर सूर्यास्ताची वेळ बघायला मागितली, धाकटा म्हणाला कोंबड्या खुराड्यात गेल्या म्हणजे रात्र.

सासूबाईंनी हातातले पत्ते खाली ठेवले. "दिवो लावलंय मां देवाकडे? मगे कृष्णाचो मान."

धाकट्याने राजा आपटला, आणि पुढच्या तीन डावांत सासूबाईंनी दोघांची सगळी पानं जिंकून घेतली.