कान उलट बोलतो तेव्हा

बाळ झोपलेलं हवं, पोट भरलेलं हवं आणि खोलीत कुणी बोलायचं नाही. नवजात बाळांच्या श्रवणचाचणीसाठी माझ्या एवढ्याच अटी. मऊ टोकाचा छोटा प्रोब कानात बसवला की तो हलके टिकटिक आवाज सोडतो, आणि काही मिलिसेकंदांत कानातून आवाज परत येतो. भिंतीवर आपटून येणारा प्रतिध्वनी नव्हे हा. कानाने स्वतःची शक्ती खर्चून केलेला आवाज. या चाचणीला आम्ही ओएई (ओटोअकूस्टिक एमिशन) म्हणतो. आई-बाबा विचारतात, "याने सांगितलं कसं, ऐकू आलं ते?" याने नाही हो, याच्या कानाने सांगितलं.

कानाच्या आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असला पाहिजे, असं शास्त्रज्ञ थॉमस गोल्डने 1948 मध्येच म्हटलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बेकेसी या शास्त्रज्ञाने मृतांच्या कानांतल्या कोक्लियात, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या नळीत, आवाजाची लाट कशी सरकते ते पाहिलं, त्याला 1961 चं नोबेल मिळालं, आणि कान म्हणजे आवाज नुसता झेलणारं यंत्र हेच चित्र पक्कं झालं. काम मोठंच होतं, पण मेलेल्या कानातली बॅटरी संपलेली असते! जिवंत कोक्लियातल्या द्रवात सुमारे 80 मिलिव्होल्टचा धन विद्युतदाब असतो, त्यावरच सगळा कारभार चालतो. शेवटी 1978 मध्ये डेव्हिड केम्पने कानात मायक्रोफोन ठेवून तो परतीचा आवाज पकडला.

हा आवाज करतात कोक्लियातल्या बाहेरच्या हेअर सेल्स, म्हणजे केसांसारखे तंतू असलेल्या पेशी. एका कानात साधारण 12,000, बहुतेक ठिकाणी तीन रांगांत. आवाजाच्या तालावर त्या लांब-आखूड होतात, सेकंदाला हजारो वेळा, आणि क्षीण आवाजाला जोर देतात. पण मेंदूला निरोप त्या फारसा देत नाहीत. ते काम आतल्या एका रांगेतल्या जेमतेम साडेतीन हजार पेशींचं. कानाच्या नसेतले मेंदूकडे जाणारे जवळजवळ 95 टक्के तंतू त्यांनाच जोडलेले असतात. मला याहून गंमत वाटते ती उलट्या वाहतुकीची. ब्रेनस्टेममधून, म्हणजे मेंदूच्या देठातून, निघालेले काही तंतू खाली येऊन थेट बाहेरच्या पेशींना भिडतात आणि त्यांचा जोर कमी करतात. मेंदू कानाचं नुसतं ऐकून घेत नाही, त्याला आवरतोही.

आता खरी मेख. ओएई पास झाली म्हणजे बाहेरच्या हेअर सेल्स शाबूत आहेत, एवढंच कळतं. पुढे आतल्या पेशी, नस आणि ब्रेनस्टेम असा सगळा रस्ता उरतोच. त्यासाठी बेरा, म्हणजे नसेतून ब्रेनस्टेमपर्यंत जाणारे विद्युत संदेश टिपणारी चाचणी. कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड लावायचे, आवाज द्यायचा आणि स्क्रीनवर लाटा उमटायची वाट बघायची. पहिली लाट नसेची, तिसरी साधारण ब्रेनस्टेममधल्या पहिल्या ठाण्याची, पाचवी त्याच्याही वरची. मोठ्या माणसात ही पाचवी लाट साडेपाच मिलिसेकंदांच्या आसपास येते, नवजात बाळात सातच्या पुढेमागे. नसांवरचं मायलिनचं आवरण अजून पुरतं चढलेलं नसतं, म्हणून हा उशीर. पालकांना आकडा सांगितला की ते घाबरतात. मी आता आकडा सांगतच नाही, नुसती लाट दाखवते.

क्वचित एखाद्या बाळाची ओएई उत्तम येते आणि बेराची रेघ मात्र विस्कटलेली किंवा सपाट. कान उत्तर देतोय, पण वर जाणारे संदेश एका तालात नाहीत. 1996 पासून याला ऑडिटरी न्यूरोपॅथी हे नाव आहे. अशा मुलांना पुढे आवाज कळू शकतो, पण शब्द लागत नाहीत, गोंगाटात तर मुळीच नाहीत. फार लवकर जन्मलेल्या किंवा कावीळ खूप वाढलेल्या बाळांत याचा धोका जास्त. त्यामुळे एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) आलेलं बाळ असलं की ओएई कितीही सुरेख येवो, बेरा झाल्याशिवाय मी "कान ठीक आहेत" असं लिहून देत नाही. घरी जायची घाई असलेले नातेवाईक वैतागतात. वैतागू देत.