तराजूच्या काट्यावरची नजर

आज जळगावच्या बाजारात भरतासाठी मी निवडलेली दोन भारी वांगी मावशींनी बाजूला काढून त्यांच्या जागी हलकी वांगी पारड्यात टाकली, तेव्हा त्या मला फसवत आहेत असे मी क्षणात ठरवून टाकले आणि माझा आवाज चढला. “जड वांग्यात बिया जास्त निघतात, भाऊ,” त्या शांतपणे म्हणाल्या. ज्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्याच जिल्ह्यात वाढून मला एवढेही ठाऊक नसावे! विक्रेता मापात मारतोच, हे लहानपणापासून घरात ऐकलेले वाक्यच माझ्या तोंडून भांडत होते. संध्याकाळी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. बिया खरोखरच नावापुरत्या निघाल्या. मात्र मावशींची क्षमा मागून पैसे देतानाही माझी नजर तराजूच्या काट्यावरच होती.